यादीत नसलेली माणसं

बुरुलकान एजेंना त्या ऑफिसात फक्त एका दिवसासाठी बोलावलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली.

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात अकरा माणसं काम करत. दहा जणांची वयं पंचवीस-तिशीच्या आसपास, आणि एजेंचं, म्हणजे सगळ्यांच्या या थोरल्या ताईचं, अठ्ठावन्न. डोंगरातल्या दवाखान्यांना कुठलं औषध, किती आणि कुणासाठी पाठवायचं याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम ही मुलं बनवत होती. मुलं हुशार होती, पण डोंगरातला दवाखाना आतून कुणी पाहिलेला नव्हता. तिथली वही कशी भरतात हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. बुरुलकान एजेंनी नारीनकडच्या चोलोक-बुलाक नावाच्या गावात सव्वीस वर्षं दवाखान्याची वही सांभाळली होती. नवरा गेल्यावर लेकीची जुळी सांभाळायला त्या शहरात आल्या होत्या, आणि जुळी बालवाडीत जायला लागल्यावर त्यांचे हात रिकामे झाले होते. त्या आल्या, दिवसभर बसल्या, प्रोग्राम पाहिला आणि संध्याकाळी निघताना मेरीमला म्हणाल्या, "पोरी, यात माणूस मेल्याची नोंद करता येते. बरा झाल्याची कुठे करायची?"

ऑफिसची सूत्रं मेरीमकडे होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. त्या प्रश्नावर ती रात्रभर तळमळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एजेंना फोन करून उद्यापासून रोज याल का, असं विचारलं.

तेव्हापासून एजे प्रोग्राम तपासायच्या. मुलं काहीतरी नवीन बनवत, संगणक ते आपल्या पद्धतीने तपासे, सगळं बरोबर असलं की पडद्यावर हिरव्या खुणा येत. मग ते एजेंकडे जाई. एजे चष्मा लावत, यादी कागदावर छापून घेत आणि नावांवरून बोट फिरवत. बाकीचे जे समोर दिसतं ते तपासायचे. एजेंना नसलेलं दिसायचं. हे कसं होतं, हे मेरीमला चार वर्षांत उमगलं नव्हतं. काही काही माणसांच्या डोळ्यांत देव काहीतरी वेगळंच ठेवतो, एवढं म्हणून ती गप्प बसायची.

सांगायची गोष्ट घडली ती चौथ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पण त्याची सुरुवात वसंतात झाली होती, आणि सुरुवात मेरीमनेच केली होती.

ऑफिसात काम दोन-दोन आठवड्यांच्या खेपांनी चाले. अशा एका खेपेला सगळे स्प्रिंट म्हणत. स्प्रिंट सुरू होताना त्यात कोणकोणती कामं घ्यायची ते ठरे, प्रत्येक कामाचं एक कार्ड पडद्यावरच्या फळ्यावर लागे, आणि पंधरा दिवसांत तेवढीच कामं संपवायची. बाकीची कामं मागच्या यादीत थांबून राहत. कागदावर हे फार सोपं होतं. पण आरोग्य खात्यातला मुख्य साहेब मेरीमच्या आईचा चुलतभाऊ निघाला. तो मामा स्प्रिंटच्या ऐन मध्यावर फोन करी आणि म्हणे, पोरी, एवढं एक छोटंसं टाक त्यात. मामाला नाही कसं म्हणायचं? मग मामाचा मित्र, मग मित्राची मोठी बहीण, मग एका मोठ्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी मेरीमच्या धाकट्या भावाला जन्मताना हातात घेतलं होतं. चौदा कार्डांचा स्प्रिंट एकतीस कार्डांवर गेला आणि पंधरा दिवसांनी त्यातली पाच कामं पुरी झाली. बाकीची सगळी अर्धीमुर्धी. त्या अर्धवट गोंधळात एका दवाखान्याला तापाच्या गोळ्यांऐवजी जंताच्या गोळ्यांचे सहा खोके गेले.

तेव्हा मेरीमने परवानग्यांचं पान उघडलं. फळा ज्या सॉफ्टवेअरमध्ये होता त्यात कुणाला काय करता यावं हे ठरवता येतं. कुणी फळा नुसता बघू शकतो. कुणी कार्डावर दोन ओळी लिहू शकतो. कुणी नवं कार्ड बनवून थांबलेल्या यादीत टाकू शकतो. आणि चालू स्प्रिंटमध्ये कार्ड आत घ्यायचा हक्क अगदी एखाद्यालाच देता येतो. मेरीमने ठरवलं, हा हक्क एकाच माणसाकडे ठेवायचा, आणि जे काम स्प्रिंटमध्ये नाही ते प्रोग्राममध्ये लागू होऊच द्यायचं नाही. तसं कुलूपच त्यांच्या इसखारने बसवून दिलं. इसखार दुंगान होता, म्हणजे चीनमधून आलेल्या मुसलमानांपैकी; ऑफिसातला सगळ्यात हुशार पोरगा, आणि एकदा त्याने कुलूप लावलं की ते त्याचं त्यालाही उघडत नसे.

प्रश्न उरला तो माणसाचा. हक्क मेरीमकडे ठेवून उपयोग नव्हता. मामाचा फोन आला की ती पुन्हा विरघळणार, हे तिला स्वतःलाच माहीत होतं. तेव्हा तिला ओरोजाली अता आठवले.

ओरोजाली अता, म्हणजे ओरोजाली बाबा, तिचे शाळेतले गणिताचे मास्तर. वय एकाहत्तर. ऑफिस सुरू झालं ते त्यांच्याच मालकीच्या दोन खोल्यांत. आठवड्यातून तीनदा ते जाड लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी घालून येत, दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसत, चहा पीत आणि मुलांच्या हिशेबातल्या चुका काढत. अतांना फोन करून 'एवढं एक टाका' म्हणायची कुठल्याही मामाची छाती झाली नसती. मेरीमने त्यांना हक्क दिला. आणि आपण फळ्याचे मालक आणि मास्तर आपल्या हाताखाली, हे तिला बरं दिसेना. म्हणून तिने मालकीही त्यांच्याच नावावर केली आणि स्वतः एक पायरी खाली उतरली. मालक एकच असू शकतो, असं ते सॉफ्टवेअर तीनदा विचारून घेतं. मेरीमने तिन्ही वेळा 'हो' दाबलं.

चार स्प्रिंट सुतासारखे सरळ गेले. मामाने दोनदा फोन केला. मेरीमने अत्यंत आदराने अतांचा नंबर दिला. तिसऱ्यांदा मामाचा फोन आला नाही.

मग ऑगस्ट आला आणि अता दरवर्षीप्रमाणे कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला सुसामीरच्या वरच्या कुरणांवर, भावाच्या तंबूत गेले. तीन आठवड्यांसाठी. जाताना त्यांच्याकडून हक्क परत घ्यायला हवा होता. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. पण मानाच्या जागेवर बसलेल्या म्हाताऱ्याला 'जरा उठा' कुणी म्हणायचं? मेरीमने तोंड उघडलं आणि ती म्हणाली, अता, थंडी असेल, गरम कपडे न्या.

अता गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, एजे चोलोक-बुलाकच्या इन्सुलिनच्या यादीवरून बोट फिरवत होत्या. शेजारी इसखार जेवणाचा डबा उघडून बसला होता, आईने दिलेल्या थंड शेवया खात. एजेंचं बोट खाली गेलं, परत वर आलं आणि थांबलं.

"साल्कीन कुठे आहे?"

इसखारने पडद्याकडे पाहिलं. सगळ्या खुणा हिरव्या होत्या. "एजे, यादीत आहेत ते तपासायचे असतात. नाहीत ते कसे तपासणार?"

"तू जेवायला आला नाहीस हे तुझ्या आईला कसं कळतं? यादी बघून?"

इसखारचा घास तोंडातच राहिला. एजेंनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कडेला नावं लिहायला घेतली. साल्कीन. तुर्सुनालीचे दोघे मुलगे. दवाखान्यामागच्या घरातली म्हातारी उमसुनाय, जिला सुई बघितली की चक्कर येते. शाळेतली ऐपेरी, जी नऊ वर्षांची आहे आणि स्वतःची सुई स्वतः टोचते. लिहिता लिहिता एकवीस नावं झाली. एका गावातली आणि त्याच्या वरच्या दोन वाड्यांतली एकवीस माणसं. सगळी इन्सुलिनवर जगणारी, आणि यादीत त्यांतलं एकही नाही.

कारण शोधायला इसखारला वीस मिनिटं पुरली. वसंतात खात्याने तक्रार केली होती की मेलेल्यांची नावं यादीत राहतात. म्हणून याच मुलांनी नियम घातला होता की तीन महिने ज्याने आपल्या दवाखान्यातून औषध नेलं नाही तो गेला असं धरायचं. कुणी विचारच केला नव्हता की उन्हाळ्यात ही माणसं मेंढरं घेऊन वर कुरणांवर जातात, आणि तिथे फिरत्या डॉक्टरकडून औषध घेतात. ती नोंद दुसऱ्या वहीत होते. प्रोग्रामच्या लेखी ती मेली होती.

शनिवारी सकाळी नऊ वाजता पुढच्या तीन महिन्यांची यादी प्रोग्राममधून आपोआप औषधांच्या कोठाराकडे जाणार होती. त्या यादीत जो नाही त्याच्यासाठी पेटी नाही. सप्टेंबरात ही माणसं खाली गावात उतरणार, दवाखान्याच्या दारात उभी राहणार आणि त्यांना परत जायला सांगितलं जाणार. चालू स्प्रिंट शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपत होता. दुरुस्ती या स्प्रिंटमध्ये गेली तरच शनिवारच्या आधी लागू होणार होती. पुढच्या स्प्रिंटमध्ये गेली तर दोन आठवडे उशीर, म्हणजे काहीच उपयोग नाही.

इसखारने बुधवारी रात्रीतच दुरुस्ती लिहून ठेवली. फारतर तीस ओळी. गुरुवारी सकाळी मेरीमने कार्ड बनवलं आणि ते स्प्रिंटमध्ये ओढलं. कार्ड सरकलं आणि परत आपल्या जागी आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा परत. खाली बारीक अक्षरांत लिहून आलं की आपल्याला हा हक्क नाही, मालकाशी बोला.

मग दिवसभर काय काय झालं. सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, गोड भाषेत: मालकी बदलायची तर मालकानेच सांगावं. कुलूप काढायला सांगितलं तर इसखार डोकं धरून बसला, कारण कुलूप काढणं हेही एक काम होतं आणि ते स्प्रिंटमध्ये नव्हतं. कोठारात फोन केला. तिथल्या बाईने स्पष्ट सांगितलं की यादीत नाही त्याला मी काडीही देऊ शकत नाही, माझी नोकरी जाईल. अतांचा फोन बंद. रस्त्यालगत कुमीस विकणाऱ्या ओळखीच्या बाईकडून निरोप धाडला, घोड्यावरून कुणीतरी वर जाऊन आलं आणि संध्याकाळी उत्तर आलं: अता म्हणतात, फार छान, या, कुमीस उत्तम झाला आहे.

शुक्रवारी पहाटे पाचला मेरीमने गाडी काढली. एजे शेजारी बसल्या, मांडीवर नानच्या चार रोट्या आणि साखरेचा पुडा. रिकाम्या हाताने तंबूत जायचं नसतं. इसखार ऑफिसात थांबला, दुरुस्ती तयार ठेवून.

घाट चढेपर्यंत मेरीम आपल्यालाच शिव्या घालत होती. एवढी शिकले आणि परवानग्यांचं साधं पान मला भरता आलं नाही. घाटमाथ्याजवळ एजे बोलल्या.

"मेंढी कापल्यावर हाडं कशी वाटतात, बघितलंयस ना?"

मेरीमने मान हलवली. ते कुणी बघितलेलं नसतं? कुणाला कुठलं हाड हे वयावर, नात्यावर, मानावर ठरतं. हाड चुकलं की माणूस वर्षभर बोलत नाही.

"शंभर मेजवान्यांत मी हाडं वाटलीयत," एजे म्हणाल्या. "हाड मानाचं असतं. सुरी मानाची नसते. सुरी ज्याला कापता येतं त्याच्याकडे. तू म्हाताऱ्याला हाड द्यायच्या जागी सुरी दिलीस, आणि तोही बिचारा ती घेऊन बसला."

मेरीमने गियर बदलला. पुढे बोगद्याचा अंधार आला, आणि बोगद्यापलीकडे एकदम सगळं खोरं उघडं पडलं, हिरवं, लांबच्या लांब. त्या गार उजेडात तिला रडू आलं आणि तिने ते एजेंना दिसू दिलं नाही. दिसलं असेलच.

तंबूपर्यंत पोचायला अकरा वाजले. शेवटचे सात-आठ किलोमीटर रस्ता असा नव्हताच. अता बाहेर येऊन उभे होते, टोपी सारखी करत, चेहरा उन्हाने रापलेला. भाऊ आला, भावजय आली, आत बसवलं, रोट्या घेऊन कपाळाला लावल्या आणि कुमीसचे वाडगे भरले. मेरीमने घड्याळाकडे पाहिलं. पाहुण्याने वाडगा हातात घेतल्याघेतल्या कामाचं बोलायचं नसतं. आधी गुरांची चौकशी, मग माणसांची, मग पावसाची. अतांच्या फोनची बॅटरी केव्हाच संपली होती, तो गाडीत चार्जिंगला लावला. त्यांचा भाऊ मध्येच उठून बाहेर गेला आणि बाहेर मेंढीचं ओरडणं ऐकू आलं.  मेंढी पडली की अख्खा दिवस गेलाच. आणि तंबूत मोबाइलला सिग्नलची एक रेघही नव्हती. रेघ वर कड्यावर यायची, घोड्याने तास-दीड तास.

एक वाजला. मेरीमने तीनदा सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा ती गवताबद्दल काहीतरी बोलली.

तेव्हा बुरुलकान एजेंनी वाडगा खाली ठेवला. त्यांनी हक्काचं नाव काढलं नाही, स्प्रिंटचं नाही, चुकीचंही नाही. त्या अतांना म्हणाल्या, "तुम्ही नारीनकडे दोन वर्षं शिकवलंत ना?"

अता म्हणाले, शिकवलं, तरुणपणी, चोलोक-बुलाकच्या खालच्या शाळेत.

"मग काही माणसं तुम्हाला ठाऊक असतील," असं म्हणून एजेंनी नावं घ्यायला सुरुवात केली. कागद नव्हता. एक एक नाव, बापाच्या नावासकट, घाई न करता. साल्कीन, कचकिनबायची लेक, गिरणीजवळची. तुर्सुनाली लंगड्याचे दोघे मुलगे, धाकटा अजून रात्री घाबरतो. उमसुनाय, जिचा नवरा पुरात गेला. कोण सकाळी औषध घेतं, कोणाच्या घरी बर्फाच्या कोनाड्यात बाटल्या ठेवतात, कोण पोस्टमनबरोबर चिठ्ठी धाडतं. तंबूत चूल धुमसत होती. भावजयीचे हात थांबले. आठव्या नावाला अतांनी मान वर केली. "हा माझा विद्यार्थी. अपूर्णांकात कच्चा होता." एजे म्हणाल्या, आता त्याला नातवंडं आहेत, आणि पुढचं नाव घेतलं. चौदा, पंधरा. मेरीमला वाटलं, कुणी जप करावा तसं हे चाललंय. तिने चार वर्षं या बाईला 'तपासनीस' म्हणून पगार दिला होता. हिच्या आत एक अख्खं गाव चूल पेटवून बसलेलं आहे, हे तिला आत्ता कळत होतं.

एकविसावं नाव ऐपेरीचं होतं. ते घेऊन एजे थांबल्या. मग म्हणाल्या, "ही एकवीस माणसं यादीत नाहीत, अता. आज सहाच्या आत तुमच्या बोटाने ती आत यायची आहेत."

ओरोजाली अता उठले. वाडगा अर्धा भरलेला तसाच राहिला. त्यांनी पुतण्याला हाक मारून दोन घोड्यांना जीन चढवायला सांगितलं.

मेरीमने शाळेनंतर घोड्याला हात लावला नव्हता. पाठीला लॅपटॉपची पिशवी आणि पुढे एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, सरळ ताठ, एकदाही मागे न बघणारा. कड्यावर पोचायला चार वाजत आले. तिथे दगडांची एक रास होती आणि वारा असा की बोलणं ओढून नेत होता. फोनवर आधी एक रेघ आली, मग दोन. अतांनी मेरीमच्या फोनवर आपला पासवर्ड घातला, तो त्यांना तोंडपाठ होता; खात्रीसाठी त्यांच्या स्वतःच्या फोनवर आकडे आले, ते त्यांनी चष्म्याशिवाय वाचले. फळा उघडला.

मेरीमला वाटलं, आता ते कार्ड ओढतील आणि झालं. पण अतांनी दगडावर बसून कार्ड वाचायला घेतलं. पहिल्यापासून. काम कुणासाठी आहे. का हवं आहे. झालं हे कसं कळणार. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं की कुरणावरची नोंद आणि गावातली नोंद एकाच माणसाची आहे हे प्रोग्रामला कशावरून कळेल. तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे वाचलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की चार स्प्रिंट त्यांनी असंच केलं होतं. प्रत्येक कार्ड. मानाची जागा म्हणून दिलेलं काम या माणसाने पहाटेच्या नमाजानंतर रोज, अक्षर न अक्षर वाचून केलं होतं, आणि कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तिची मान खाली गेली.

मग त्यांनी बोटाने कार्ड उचललं आणि स्प्रिंटमध्ये ठेवलं. ते राहिलं. काही वाजलं नाही, काही चमकलं नाही. टीचभर चौकोन पडद्यावर इकडून तिकडे गेला. वारा तसाच, घोडे तसेच, आणि तिकडे सहा डोंगरांपलीकडे एकवीस माणसांच्या पेट्या ठरल्या.  एवढंसं असतं हे, मेरीमच्या मनात आलं, आणि एवढं मोठं. मिनिटभरात इसखारचा निरोप आला: आत गेलं, पाठवतोय, आईला सांगतो तुमच्यासाठी शेवया कर म्हणून.

"हे मला का दिलं होतंस?" अतांनी विचारलं. "म्हातारा म्हणून?"

ती खोटं बोलू शकली नाही. म्हणाली, तुम्हाला कुणी गळ घालू शकणार नाही म्हणून. मला घालतात. आणि परत मागायचं धाडस झालं नाही.

अता हसले नाहीत. खाली तंबूच्या धुराकडे बघत राहिले. मोठी कढई चढलेली दिसत होती. "बरं. आता चल. भावाने मेंढी पाडली आहे. आज रात्री इथेच राहायचं, उद्या दुपारी जा. बुरुलकानसारखी पाहुणी पुन्हा कधी येणार."

यात काही खोच नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं. मेरीमला समोर सगळं दिसलं: मानाचं हाड, भावजयीचा चेहरा, मांस टाकून उठून जाणं म्हणजे काय ते. आणि हेही दिसलं की शनिवारी सकाळी नऊच्या आत सुधारलेली यादी एजेंच्या बोटाखालून जायला हवी. हिरव्या खुणा परवाही होत्या.

"नाही, अता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "आम्हाला थांबता येणार नाही. एजेंनी यादी वाचल्याशिवाय ती जाऊ द्यायची नाही मला."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. स्पष्ट उतरला. ते घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. अकरा वर्षांची असल्यापासून ती त्यांना ओळखत होती, आणि या माणसाला ती पहिल्यांदाच नाही म्हणाली होती.  आता हे कायमचं तुटलं, असं तिला वाटलं.

"फोन दे इकडे," अता म्हणाले.

त्यांनी परवानग्यांचं पान उघडलं. सावकाश, एक एक ओळ वाचत, मालकाच्या जागी तिचं नाव घातलं. सॉफ्टवेअरने तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा 'हो' दाबलं. फोन परत देताना एवढंच म्हणाले, "मला वाटत होतं तू कधी म्हणशीलच नाहीस."

खाली आल्यावर अतांनीच भावजयीला समजावलं. मांस अजून शिजलं नव्हतं. मेंढी कापताना काढून ठेवलेलं काळीज आणि चरबी तव्यावर परतून तिने कपड्यात बांधून दिली, वर कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या आंबट दह्याच्या, गोळ्या. पाहुणे उपाशी गेले असं व्हायला नको. निघताना सगळ्यांनी तळवे उघडले आणि अतांनी वाटेसाठी दुआ मागितली. त्या दुआत त्यांनी ऐपेरीचं नाव घेतलं. मुलीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेसातला ऑफिस उघडं होतं. इसखारने यादी छापून ठेवली होती. एजे बसल्या, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. मेरीम मागे उभी राहिली. बोट खाली खाली जात होतं. साल्कीन होती. तुर्सुनालीचे दोघे होते. उमसुनाय होती. ऐपेरी होती. एजे तिथे थांबल्या नाहीत, शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, मग पान उलटून पुढचं गाव घेतलं, मग त्यापुढचं. पावणेनऊला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

नऊला यादी गेली. 

मेरीमने तो कागद उचलला आणि आपल्या टेबलाशी नेला. तिनेही बोट फिरवून बघितलं, वरून खाली, खालून वर. नावं दिसली. सगळी ठीकच वाटली. पण एखादं पुसलं असतं तर आपल्या लक्षात आलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने एजेंना विचारलं, हे शिकता येतं का?

"तू यांच्यातल्या कुणाच्या घरी चहा प्यायली आहेस?"

"नाही."

"मग कशी दिसतील?" एजे म्हणाल्या आणि पिशवी आवरायला लागल्या. जुळी वाट बघत होती. दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "सप्टेंबरात औषधाची गाडी जाते. चालकाशेजारी दोन माणसांची जागा असते."

मेरीमने फळा उघडला. सोमवारपासून नवा स्प्रिंट सुरू होत होता. तिने त्यात पहिलं कार्ड बनवलं, 'सप्टेंबरची औषधाची गाडी, चोलोक-बुलाक, दोन जागा', आणि आत ठेवलं. ते जागेवर राहिलं.